पिवळ्या घरापाशी मारलेली थाप

कुणाला पटो न पटो, हे घडलंय. मंगळवार होता, दुपारचे तीन. ऊन मी म्हणत होतं. भुताखेतांची वेळसुद्धा नव्हती.

बंदरामागच्या चढाच्या गल्लीत गाईड वीस पाहुण्यांना घेऊन थांबला. त्याच्या गळ्यात माइक, पाहुण्यांच्या कानांत छोटी यंत्रं. तो बोलेल ते त्यांना ऐकू जायचं. त्याच्या स्वतःच्या कानात मात्र काही नसायचं.

"या शहरात का यायचं?" त्याची टकळी सुरू होती. "जुना धक्का पाहायला, दीपगृह पाहायला आणि ही रंगीबेरंगी घरं पाहायला! आता हे पिवळं. इथल्या बाईनं मुद्दाम भडक रंग दिला... खलाशांना लांबून दिसावं म्हणून. रोज नवा खलाशी!"

इथे हमखास हशा पिकायचा.

ती बाई म्हणजे त्याची सख्खी मावशी. नवरा बोटीवर गेला तो परतलाच नाही, पण तिनं दुसऱ्या कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. आई गेल्यावर याला तिनंच वाढवलं. चार वर्षांपूर्वी ती दम्यानं गेली. घराला कुलूप. मेलेलं माणूस कुठे तक्रार करायला येतंय, म्हणून यानं ही थाप रचली होती.

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

सगळे कानावर हात ठेवून काहीतरी ऐकत होते.

गाईडनं माइक बंद केला.

ते ऐकतच होते...

"काय झालं?"

"कुणी बाई बोलतायत," एक वयस्क शिक्षिका हळूच म्हणाल्या. "धाप लागलीय हो त्यांना."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "शिव्या देतेय का?"

"छे! बंड्या कोण?"

त्याला या नावानं हाक मारणारं आता कुणीही उरलं नव्हतं.

शिक्षिकेनं कानातलं यंत्र काढून त्याच्यापुढे धरलं. त्यानं हात मागे घेतला. ऐकायची छातीच झाली नाही.

"ती माझी मावशी," तो कसाबसा म्हणाला. "मी खोटं बोललो. तिनं कुणाचं वाईट केलं नाही. मीच नालायक."

शिक्षिकेनं यंत्र पुन्हा कानाला लावलं.

आवाज थांबला होता.

"काय म्हणत होती?"

"एकच विचारत होत्या, पुन्हा पुन्हा. बंड्या, उन्हात किती वेळ उभा आहेस? पाणी प्यायलास का?"

आता तो तिथे खरी गोष्ट सांगतो. ती ऐकून कुणी हसत नाही. पण पाहुण्यांपैकी कुणाचा हात कानाकडे गेला, की याचा घसा कोरडा पडतो.

"मावशीनं दोन मुस्काटात मारल्या असत्या ना," तो म्हणतो, "तर मी सुटलो असतो."