स्थगितांचा रकाना

२०६४ साली भारतात गोळी लागून एकही माणूस मेला नाही. हे सलग पाचवं वर्ष. बंदुकीने झालेल्या खुनांच्या जागतिक तुलनेत, दर लाख लोकसंख्येमागच्या रकान्यात, भारतासमोर शून्य होतं. जपानलाही ते जमलं नव्हतं. या शून्याच्या जोरावर संसदेने शस्त्रकायदा सैल केला होता. पिस्तुलाचा परवाना आता पोस्टाने येत असे.

गोळ्या मात्र कमी झाल्या नव्हत्या. गोळी लागलेल्याचं रक्त काढून त्या जागी थंडगार क्षारजल भरलं आणि शरीर दहा अंशांवर आणलं, की पेशींची प्राणवायूची गरज जवळजवळ संपते. हृदय थांबतं, पण शरीर बिघडत नाही. शस्त्रक्रियेसाठी दोन तास मिळावेत, एवढीच मूळ कल्पना होती. पुढे त्या दोन तासांची वर्षं झाली. या अवस्थेला ‘स्थगन’ म्हणत. ते अॅम्ब्युलन्समध्येच होई, आणि स्थगित माणूस कायद्याने जिवंत असे.

नागपूरच्या स्थगनगृहात असे सहाशे जण होते. तिथल्या प्रमुख डॉ. अनुजा बिडकर. तुलनेसाठी इथले आकडेही त्याच पाठवत. मंगळवारी दुपारी रेणुका ढोमणे त्यांच्यासमोर येऊन बसली. सहा वर्षांपूर्वी गाडी लावण्यावरून भांडण झालं आणि समोरच्या घरातल्या मोहोडने तिच्या नवऱ्याला, दिवाकरला, गोळी घातली. मोहोड ‘गंभीर दुखापती’बद्दल चार वर्षांची शिक्षा भोगून घरी परतला होता.

“त्यानं पुन्हा पिस्तुलासाठी अर्ज टाकला जी,” रेणुका म्हणाली. “शिक्षा झालेली आहे म्हणून शुक्रवारी सुनावणी आहे. मी हरकत घ्यायला गेली, तर परवान्याचे साहेब म्हणतात, खून असता तर नाकारलं असतं, दुखापतवाल्याला देता येते. म्हणून म्हणते मॅडम, यांना स्थगनातून बाहेर काढा.”

“बाहेर काढलेल्यांपैकी शंभरात तीन वाचतात, रेणुकाताई. थांबलात तर तंत्र सुधारेल.”

“सहा वर्षांआधी किती वाचत होते?”

“तीन.”

“मग तंत्राला काय पार्किंग मिळाली नाही का?”

बिडकरांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. “आकडा शून्य झाल्यावर कुणाला घाईच उरली नाही. इतर देश वर्षभर स्थगित असलेल्याला खुनात धरतात. आपण धरत नाही. मी तशी तळटीप दिली होती, छापताना ती गेली.”

“तळटीप म्हणजे?”

“खाली बारीक अक्षरात असते ती.”

“म्हणजे आमचे हे बारीक अक्षरात होते, तेही गेले.”

बिडकरांनी खणातून स्थगनसमाप्तीचा अर्ज काढून दिला. पहिल्याच ओळीत छापलं होतं: सौ./श्रीमती, नको ते खोडा. रेणुकाचं पेन थबकलं.

“यातलं काय खोडू?”

“आज तुम्ही सौभाग्यवतीच आहात.”

“सहा वर्षं झाली, हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही जी. अन् देवळात पांढरं नेसून गेली, तर म्हणतात, नवरा जिवंत असताना असं कसं?” तिने ‘श्रीमती’वर बारीक रेघ मारली, पूर्ण नाव लिहिलं आणि पान उलटलं. मागच्या मजकुरावरून तिचं बोट सावकाश सरकत गेलं. एका ओळीवर ते थांबलं.

“मृत्यूचं कारण, ‘खालील व्यक्तीच्या संमतीने स्थगनसमाप्ती’. यात गोळी कुठं आहे?”

“गोळीमुळे ते स्थगित झाले. त्याची नोंद वेगळी आहे, दुखापतीत.”

“मोहोडवर खून लागणार नाही?”

“नाही.”

“खालील व्यक्ती म्हणजे मी?”

बिडकरांनी होकारार्थी मान हलवली.

रेणुकाने पेनाला टोपण लावलं. “मी नाही मारत जी त्यांना,” ती म्हणाली. मग जाता जाता, शेजारणीची चौकशी करावी तसं तिने विचारलं, “पाहायला कधी येऊ?”

“गुरुवारी या.”

शुक्रवारी मोहोडला परवाना मिळाला.

रेणुकाचा अर्ज बिडकरांनी खणात परत ठेवला होता. तिथे असे दोनशे चौदा अर्ज होते. प्रत्येकावर काळजीपूर्वक पूर्ण नाव लिहिलेलं होतं. सही एकावरही नव्हती.