गडदौडीचा साक्षीदार

नगरधनच्या किल्ल्याकडून एक बाई पदर खोचून जीव तोडून पळत येते आहे, आणि फाट्यावरची रामटेकची बस नेमकी हललेली आहे... हे पाहून कुठल्याही भल्या माणसाला जे वाटेल तेच रविंद्र धकातेला वाटलं. त्यानं सायकल सरळ बसपुढं आडवी घातली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, कंडक्टरनं दार उघडून धरलं, आतल्या मंडळींनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या. "या बाई, या! थांबवली आहे," रविंद्र हात हलवत ओरडला.

सुमित्रा निनावे आली, बसच्या दारापर्यंत आली, आणि तशीच पुढं निघून गेली.

"काहून गा मास्तर," कंडक्टर म्हणाला, "सकाळी सकाळी आमची मजा घेऊन राहिले का?"

मागं पिकलेला हशा सुमित्राच्या कानावर आला, पण तिनं वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं शेजारी सायकलच्या चेनचा कुरकुर आवाज यायला लागला. तिरक्या नजरेनं पाहिलं तर तोच माणूस. उंच, किरकोळ, गळ्यात मफलर, आणि चेहऱ्यावर असा गोंधळ की बिचाऱ्याचं गणित चुकलंय आणि कुठं ते सापडत नाहीये.

"तुम्हाला बस नको होती?"

"नको होती."

"मग पळून काहून राहिल्या?"

"पळायचं आहे म्हणून."

त्यानं यावर बराच विचार केला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "पण बसनं लवकर पोचल्या असत्या."

सुमित्राला हसू आलं. पळताना हसलं की दम तुटतो, आणि तिचा तुटला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला त्या वाटेवर चालावं लागलं, आणि तो राग तिनं मनातल्या मनात त्या मफलरवाल्यावर काढला. राग खरा होता, पण दिवसभर शाळेत तिला मधूनमधून त्याचा चेहरा आठवून हसू फुटत होतं, तेही तितकंच खरं.

साल चौऱ्याहत्तर, दिवस थंडीचे. सुमित्रा रामटेकच्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून नुकतीच आली होती. घर नागपूरला, गोळीबार चौकात. घरात पहाटेपासून मागाची खटखट. बाप नत्थूजी साधा कोष्टी विणकर, पण पोरीच्या पायांना त्यानं कधी अडवलं नव्हतं. पळण्यावर तिनं कॉलेजात दोन ढाली मिळवल्या होत्या. रामटेकला आल्यावर तिला कळलं की इथं दर वर्षी गडदौड होते. नगरधनच्या किल्ल्याच्या दरवाजापासून निघायचं, धानाच्या बांध्यांमधून, भातखाचरांमधून, कपूर बावलीवर, त्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवर यायचं, तिथून अंबाळा तलावाच्या काठानं, आणि शेवटी जुन्या दगडी पायऱ्यांनी थेट गडावर. किती शतकांपूर्वीच्या त्या पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. असली देखणी वाट तिनं उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. आणि या वाटेवर पळायचं फक्त पोरांनी.

तिच्या शाळेतल्या पाच पोरी रोज मैदानावर पळत होत्या. त्यातली इंदू तर अशी पळायची की पाहणाऱ्यानं घास हातात धरून पाहत राहावं. इंदूनंच एकदा विचारलं, बाई, आम्ही काहून नाही? उत्तर शोधायला सुमित्रा गडदौड समितीच्या रुपरावजींकडं गेली.

रुपरावजी पानमळ्याचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण हट्टी. पोरी वाटेत बसतील, रडतील, पडतील, आणि गावाची शोभा होईल, असं त्यांचं म्हणणं. सुमित्रानं उठायचं नावच घेतलं नाही. शेवटी ते कंटाळून म्हणाले, आधी तुम्ही स्वतः पळून दाखवा. किल्ला ते गड, कुठं एक क्षण न थांबता. जमलं तर पोरींचं पाहू. आणि साक्षीदार आमचा राहील.

साक्षीदार म्हणून त्यांनी ज्याला बोलावलं तो दारातून आत आला, आणि सुमित्रानं कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला.

हे धकाते सर, पोरांच्या शाळेत गणित शिकवतात, मूळचे उमरेडचे, हेही कोष्ट्याच्याच घरचे, अशी ओळख झाली. रुपरावजी म्हणाले, हा माणूस मेला तरी खोटं बोलणार नाही. गावातली निम्मी माणसं त्याच्यावर त्याच पायी नाराज आहेत. सख्ख्या भाच्याला यानं गणितात नापास केला होता.

"यावेळी बस नाही थांबवणार," रविंद्र हळूच म्हणाला.

"उपकार होतील," सुमित्रा म्हणाली.

ठरल्या दिवशी पहाटे मावठं येऊन गेलं होतं. किल्ल्याची तटबंदी ओली, तुरीची पानं थेंबांनी जड झालेली, आणि मातीचा असा वास की छाती भरून घ्यावा. सुमित्रा निघाली. मागं सायकल. बांध्यांवरून सायकल उड्या मारत होती आणि वरचा माणूस तिच्यापेक्षा जास्त धापा टाकत होता. ती मात्र मजेत होती. कपूर बावलीचे कोरीव खांब दिसायला लागले तेव्हा तिला ठाऊक होतं की आज ती गडावर पोचणार.

आणि मागं धाडकन आवाज झाला.

तिनं मान वळवली. सायकल बावलीच्या काठावर आडवी, चाक फिरतंय, आणि माणूस नाही. तो खाली होता, बावलीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर, पाण्यापासून हातभर. गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि तो पठ्ठ्या तशा अवस्थेत वर पाहून ओरडत होता, "थांबू नका! बाई, थांबू नका!"

सुमित्रा थांबली. थांबली, पायऱ्या उतरून गेली, त्याला काखेत हात घालून वर ओढला, आणि त्याचाच मफलर काढून त्याच्या गुडघ्याला बांधला. गाठ मारताना तिच्या लक्षात आलं की हा आपल्या हाताकडं पाहत नाहीये, तोंडाकडं पाहतोय. तिनं गाठ जरा जास्तच घट्ट आवळली.

गडावर पोचायला मग उशीर झाला. रुपरावजींनी विचारलं, थांबल्या का कुठं? सुमित्राला वाटलं, आता हा काही सांभाळून बोलेल. एवढं तर कुणीही बोललं असतं.

"थांबल्या," रविंद्र म्हणाला. "कपूर बावलीपाशी थांबल्या. माझ्यामुळं थांबल्या. पण थांबल्या."

रुपरावजींनी हात झटकले. सुमित्राला असा संताप आला की आणखी पाच मिनिटं तिथं राहिली असती तर त्याला परत बावलीत नेऊन टाकला असता. खोलीवर येऊन ती उशीत तोंड खुपसून रडली. पोरींना आता काय सांगायचं? रडून झाल्यावर डोकं जरा शांत झालं, आणि तिला कळलं की त्यानं खोटं सांगितलं असतं तर जिंकूनही ती हरली असती. बाईनं मास्तराला फितवलं, असं गाव म्हणालं असतं, आणि पोरींची दौड तिथंच संपली असती. हे पटलं, आणि पटल्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी ती परत रुपरावजींच्या ओसरीवर जाऊन बसली. एक संधी आणखी द्या, एवढंच तिचं मागणं. ते वैतागले, पण बावलीची गोष्ट गावभर झाली होती आणि त्यांच्या घरच्या बायकाच सुमित्राच्या बाजूच्या झाल्या होत्या. देतो म्हणाले. महिन्यानं. साक्षीदार मात्र तोच, आणि त्यानं सगळी वाट डोळ्यांनी पाहिली पाहिजे.

संध्याकाळी रविंद्र लंगडत तिच्या दारात आला. पायात नवे कॅनव्हासचे बूट. घरमालकीण सिंधूताईंनी पाट दिला, तरी तो उभाच राहिला.

"ती वाट सायकलची नाही," तो म्हणाला. "पायऱ्यांवर तर ती नेताच येत नाही. मला पळायला शिकवा."

"तुम्हाला?"

"तुमच्या पोरी माझ्यामुळं अडल्या. माझ्यामुळंच सुटल्या पाहिजेत."

गुडघा भरून आल्यावर रोज पहाटे दोघं त्या वाटेवर दिसायला लागले. सिंधूताई म्हणायच्या, लोक बोलून राहिले वं. सुमित्रा म्हणायची, बोलू द्या, पळताना ऐकू येत नाही. सुरुवातीला तो नगरधनचं गाव संपायच्या आतच बसायचा. ती त्याला उठवायची, टोमणे मारायची, पावलं आखूड टाकायला शिकवायची. गडाकडं पाहू नका, पुढच्या पायरीकडं पाहा. तो ऐकायचा. परत पडायचा, परत उठायचा. अंबाळ्याच्या काठी टोपल्यांतून उकडलेले शिंगाडे यायचे. तो ते सोलून पांढरं तेवढं तिच्यापुढं ठेवायचा, आणि सालीवरच्या काट्यांनी टोचलेली बोटं पाठीमागं लपवायचा.

एकदा गडावरच्या दगडी वराहापाशी ती म्हणाली, निष्पाप माणूस याच्या पोटाखालून सहज जातो म्हणतात, तुम्ही तर खोटंही बोलत नाही, जा की.

"नको," तो म्हणाला.

"काहून?"

"एक गोष्ट लपवून राहिलो ना..." आणि कानांपर्यंत लाल होऊन तो खाली पळत सुटला. त्या दिवशी तो सगळ्यात छान पळाला.

महिना संपला. किल्ल्याच्या दरवाजातून दोघं निघाले तेव्हा धुकं होतं. फाट्यावर तीच बस, तोच कंडक्टर. बस हळू करून त्यानं दार उघडलं आणि म्हणाला, बसा मास्तर, आतातरी बसा. रविंद्रनं नुसती मान हलवली. बावली गेली. अंबाळ्याची देवळं पाण्यात डोलत मागं पडली. पायऱ्या सुरू झाल्या.

अर्ध्यावर त्याचा श्वास फुटला. सुमित्राला तो ऐकू येत होता, भात्यासारखा. पुढं पायऱ्यांचं वळण होतं. वळणापलीकडं ती गेली की साक्षीदार संपला. तिनं चाल कमी केली, एकेक पायरी, पाय मात्र चालूच.

"तुम्ही... जा," तो मागून म्हणाला. "माझ्यानं..."

"आणि पोरी? बोला काहीतरी. बोलत राहा, म्हणजे पाय विसरतील."

"विचारू एक?"

"विचारा. थांबू नका."

मग शाळेतली भाषा गळून पडली आणि उमरेडच्या घरातली बाहेर आली. "मले... तुमच्याशी लग्न करायचं आहे. तुमचं... काय म्हणणं?"

सुमित्राचा उजवा पाय हवेत होता. छाती अशी धडधडली की चढणीनं कधी धडधडली नव्हती. वळावं, खाली उतरावं, त्याचा चेहरा पाहावा, असं तिला फार फार वाटलं. इंदूचा प्रश्न आठवला. पाय वरच्या पायरीवर पडला.

"वर या," ती मागं न पाहता म्हणाली. "वर सांगते."

आणि तो आला. कसा आला ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण आला.

वरच्या दरवाजापाशी शाल पांघरून रुपरावजी आणि समितीची मंडळी बसली होती. रविंद्र गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

"मास्तर, खरं सांगा. बाई थांबल्या का कुठं?"

"नाही."

"पाणी प्यायले, दम खायले तरी थांबल्या?"

"नाही. पायऱ्यांवर चाल कमी केली, पण पाय थांबला नाही."

"नक्की?"

रविंद्रनं श्वास घेतला. "पायऱ्यांवर मी त्यांना लग्नाचं विचारलं. तेव्हाही थांबल्या नाहीत."

एकाच्या तोंडात पान तसंच राहिलं. रुपरावजींनी हळूच विचारलं, "मंग? काय म्हणाल्या?"

"वर सांगते म्हणाल्या. अजून सांगितलं नाही."

सगळ्या माना सुमित्राकडं वळल्या. तिचं तोंड तापलं होतं, पण आवाज स्थिर होता. "आधी पोरींचं सांगा, रुपरावजी."

"पोरींचं काय..." त्यांनी एकदा रविंद्रकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. "पळतील. यंदापासून पळतील. आता याले काहीतरी सांगा बाई, नाही तर हा इथंच पडते."

सुमित्रा चालत गेली आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसली. त्या सकाळी ती पहिल्यांदाच थांबली होती. तिनं शेजारच्या दगडावर हात ठेवला.

"बसा," ती म्हणाली. "मले हो म्हणायचं आहे. पण ते पळता पळता म्हणायचं नव्हतं."

तो बसला. खाली अंबाळ्यावरचं धुकं उठलं होतं आणि पलीकडं, धानाच्या बांध्यांच्याही पलीकडं, नगरधनचा किल्ला दिसत होता. बऱ्याच वेळानं दोघं गड चालत उतरले, अगदी सावकाश. परतीची बस खाली उभी होती, कंडक्टरनं दारही उघडून धरलं होतं. ती त्यांनी जाऊ दिली.