आंबिलीवरचं पाणी

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, लोहारा भागात सगळं गाव जेवायला रानात. आणि बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, हा रिवाज. म्हणून वैष्णवीनं एका पाठमोऱ्या माणसाला हक्कानं हाक मारली, "ओ दादा, जेवून जावा की!"

दादा वळला... आणि तिची काकडी चिरायची राहिली. योगीराज!

"जेवतो," तो हसला. "पण दादा म्हनू नको."

तीन वर्षांनी दिसत होता. पुण्यात दोघं एकाच मेसला जेवायचे. ती शिकत होती, तो चायनीज हॉटेलात स्वयंपाकी होता. रविवारी तो जॅमच्या रिकाम्या बाटलीत सोया सॉस, व्हिनेगर, मध, आलं-लसूण आणि तिळाचं तेल घालायचा, बाटली तिच्या हाती द्यायचा आणि म्हणायचा, "हलव." मेसचा कोरडा कोबी मग बघता बघता संपायचा. वडिलांनी अंथरूण धरलं तसा तो जळकोटला शेतीवर परतला, एका शब्दानं न सांगता. ती मेली बाटली मात्र तिनं जपली होती. उद्या पुण्याच्या एका स्थळाला होकार कळवायचा होता, तरी आज तीच बाटली घेऊन ती आत्याच्या रानात आली होती.

"अजून करतीस व्हय हे?" त्यानं बाटली ओळखली.

"करते की. पण व्हिनेगर पुण्यातच राहिलं. तेलही करडईचंच हाय."

तो उठला. ताक नि ज्वारीच्या पिठाच्या आंबिलीवर आंबट पाणी सुटलं होतं, ते त्यानं मडक्यातून वाटीनं अलगद काढून बाटलीत ओतलं. भाकरीला लावायचे तीळ तव्यावर भाजून, तळहातावर चोळून आत टाकले.

"हलव," तो म्हणाला.

वैष्णवीला एकदम भरून आलं. बाटली हलवता हलवता ती म्हणाली, "फोन तरी करायचास..."

"काय सांगणार होतो? पुणं सोड नि माझ्यासंगं रानात ये म्हनून?"

"विचारून तर बघायचं!"

तेवढ्यात शिवगंगा आत्या ओल्या दाण्यांची, पालेभाज्यांची भज्जी वाढायला आली. "कुणाच्यात निघाला होतास रं, बाबा?"

"चांगुणाअक्काच्यात. थोरली बहीण माझी."

"चांगुणाचं रान तर सडकेच्या पल्याड! इकडं कसा आलास?"

चोरी पकडली गेली. योगीराजनं खाली मान घातली. "तिसरा फेरा हाय ह्या बांधावरनं... वैष्णवी आलीय, असं अक्का म्हनली. येळवशीला हाक तर पडंलच, ठाऊक होतं." मग हळूच, "दादा म्हनशील, एवढं ठाऊक न्हवतं."

वैष्णवी खुदकन हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे पाणावले. काकडीवर तिनं बाटली रिकामी केली, पहिली फोड त्याच्या पानात वाढली.

"आत्या, उद्या पुण्याच्या लोकांना नाही कळवा."

"अगं बया! कारण काय सांगू?"

"सांगा... पुढच्या येळवशीला मी जळकोटच्या रानात असेन."

आत्या पळी हातात घेऊन दोघांकडं बघतच राहिली. योगीराजनं तोंडातला घास कसाबसा गिळला.

"येताना... व्हिनेगर आनशील?"

"नको," वैष्णवी म्हणाली. "आंबिलीवरचं पाणी लई झालं मला."