गोलमागे थांबलेला माणूस

विश्वास ठेवायचा नसेल तर इथेच थांबा. मी काही सिद्ध करायला बसलेलो नाही. ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं, ती माझी मावसबहीण आहे. ती खोटं बोलत नाही. तेवढी कल्पनाशक्तीच नाही तिच्यात.

डिसेंबर २००६. शनिवारची दुपार. वेल्सच्या सीमेवरचं एक लहान गाव. नाव लिहीत नाही, कारण त्या मैदानावर अजूनही मॅचेस होतात.

सुलक्षणा कार्डिफच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. तिचा नवरा शशिधर सॉफ्टवेअरवाला, मूळचा नागपूरचा. तिकडे जाऊन त्याला फुटबॉलचं वेड लागलं, आणि तेही एका फुटकळ क्लबचं. जिथे मॅच बघायला कुत्रंही फिरकत नाही, असा क्लब. त्या टीममागे मिनीबसमधून गावोगाव हिंडायचं. त्या शनिवारी त्याने पहिल्यांदाच बायकोला ओढत नेलं.

पूर्वार्ध

पाऊस. शून्य-शून्य.

मध्यंतर

शिट्टी वाजली. गोलमागच्या पायऱ्यांवरून शशिधर उठला.

"चल, एंड बदलायचा."

"म्हणजे?"

"अगं, आता आपली टीम तिकडच्या गोलवर मारणार. म्हणून आपण सगळे तिकडे जायचं."

"नाटकाच्या मध्यंतरात लोक खुर्च्या बदलतात का रे?"

"सुलू, प्रथा आहे ती."

"तुझी प्रथा तुला लखलाभ. माझे पाय गोठलेत. इथे डोक्यावर छप्पर आहे, मी हलणार नाही."

तो गेला. म्हाताऱ्या लेटनच्या खांद्यावर हात टाकून, बाकीच्यांबरोबर, मैदानाला वळसा घालून. लेटन म्हणजे त्या मिनीबसचा आजोबाच. लहानपणापासून या क्लबमागे फिरणारा.

शशिधरने एकदाही वळून पाहिलं नाही.

उत्तरार्ध

अंधारून आलं. मैदानाचे दिवे लागले.

आणि तिच्या लक्षात आलं... आवाज येत नाहीये.

समोरचे लोक ओरडत होते. उघडलेली तोंडं दिसत होती. पण आवाज नाही. छपरावर पाऊस कोसळत होता...

त्याचाही नाही.

"तुम्हालाही सोडून गेले वाटतं?"

कठड्याला टेकून एक माणूस उभा होता. चाळिशीचा. गळ्यात आपल्याच क्लबचा लोकरी मफलर. तिला हायसं वाटलं.

"हो ना," ती हसली. "वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"ते वळत नाहीत, लव्ह." तिकडे परक्या बाईलाही सहज 'लव्ह' म्हणतात.

मग तिने आपल्याकडच्या बायका करतात तेच केलं. ओळख ना पाळख, पण नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगायला ओळख कशाला लागते! दर शनिवार कसा वाया जातो, घरात पाहुणे असले तरी हा कसा पळतो, सगळं सांगून झालं. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने विचारलं,

"त्यातला तुमचा कोणता?"

"तो काय. हिरव्या टोपीवाला."

"बरं झालं दाखवलंत. इथून मला आता चेहरे ओळखू येत नाहीत."

सुलक्षणाचं कामच असं, की समोरच्या माणसाचा श्वास तिला आपोआप दिसतो. थंडीत तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

त्याच्या तोंडातून नाही.

तिने त्याच्या छातीकडे पाहिलं.

बराच वेळ पाहिलं.

छाती... हलत नव्हती.

तेवढ्यात समोर गोल झाला. सगळे उड्या मारायला लागले. हिरवी टोपी तेवढी खाली गेली.

वर आलीच नाही.

तिने शेजारी पाहिलं. कठड्याजवळ कोणी नव्हतं.

"शशी!"

ती धावली. मैदानाच्या कडेने, चिखलातून. लोकांना ढकलून आत घुसली. पालथ्या पडलेल्या माणसाला तिने उताणं केलं.

लेटन.

शशिधर शेजारी बोडक्या डोक्याने उभा होता.

"अगं, त्याचे कान गार पडले होते, म्हणून मी टोपी दिली... आत्ता हसत होता गं तो... आत्ता..."

ती छाती दाबत राहिली. एकदाच लेटनचे डोळे उघडले. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यावरून मागे बघत होता.

"आम्हाला वाटलं, तू चहाच्या लाइनीत आहेस," तो पुटपुटला. "खरंच, ग्विन..."

मग संपलं.

आणि तिच्या कानाशी, अगदी जवळ...

"हा तुमचा नव्हता, लव्ह."

सांगताना सुलक्षणा इथे थांबते. दर वेळी इथेच. पाणी पिते. मग पुढचं सांगते.

"तुमचा कोणता?"

नेमक्या त्याच क्षणी शशिधरने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

जादा वेळ

परतताना मिनीबसमध्ये गाडी चालवणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं. ग्विन म्हणजे लेटनचा जिगरी दोस्त. त्यांच्या तरुणपणी, याच मैदानावर, मध्यंतरात ग्विनच्या छातीत कळ आली. लेटन म्हणाला, नाटकं करू नकोस, चल. आणि सगळे एंड बदलायला निघून गेले. समोर गोल झाला, ते नाचले, गायले. मॅच संपल्यावर कुणाला तरी ग्विनची आठवण झाली. तो कठड्याखाली पडला होता.

"त्या दिवशी मीही चालत गेलो होतो," म्हातारा म्हणाला.

पुढच्या मोसमात तोही गेला. त्याच मैदानावर. मध्यंतरानंतर. शशिधर त्या वेळी नागपूरला गेला होता.

आता २००९ आहे. येत्या शनिवारी तिथे पुन्हा मॅच आहे. शशिधर जाणारच म्हणतो. सुलक्षणाने समजावलं, भांडली, अबोला धरला. शेवटी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, योगायोग गं, लेटनचं वय झालं होतं. म्हणून आता तीही जातेय.

काल तिचा फोन आला.

"मी शशीच्या जवळ उभी राहू, की लांब?"

"म्हणजे?"

"लांब राहिले, तर तो मला सोडून गेला असं होईल. जवळ राहिले, तर माझा कोणता ते ग्विनला पुन्हा कळेल."

विचार करून उद्या सांगतो, म्हणालो.

आज शुक्रवार आहे.