अकरा पट्ट्या

नाताळच्या सुट्टीचा तिसरा दिवस होता, आणि अंतिम सामन्याला तीनच दिवस उरले होते. वार गुरुवार. ‘शुक्रवारी’ नावाच्या तलावाजवळच्या मैदानावर शुक्रवारी बाल मंडळाचा फुटबॉलचा सराव रंगात आला होता. नीला काठावर बसून संत्री सोलत होती. तिचा थोरला भाऊ यशवंत मंडळाचा गोलकीपर. मध्यंतरात मुलांना फोडी वाटायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं आणि त्या निमित्ताने ती एकही सराव चुकवत नसे. १९३७ सालच्या नागपुरात मुलींना फुटबॉल खेळायला कोणी बोलावत नव्हतं. बघायला मात्र कोणाची ना नव्हती, आणि नीला फार बारकाईने बघायची.

"दादा, चंपत आज डाव्या पायानं काहून मारून राहिला?" फोड देताना तिने हळूच विचारलं.

यशवंतच्या हे लक्षातच आलं नव्हतं. चंपत म्हणजे संघाचा जीव. इतवारीतल्या विणकराचा हा तेरा वर्षांचा मुलगा उजव्या पायाने असा फटका मारायचा, की गोलकीपरला हलायलाही वेळ मिळू नये. आज मात्र उजव्या बाजूला आलेला चेंडूही तो वळून डाव्या पायावर घेत होता. शिवाय त्याने थोरल्या भावाची वाटावी अशी ढगळ, गुडघ्याखाली येणारी चड्डी घातली होती. आणि सराव सुरू व्हायच्या आधी मंडळाचे शिक्षक भैयाजी त्याला सामानाच्या खोलीमागे घेऊन गेले होते, हेही नीलाने पाहिलं होतं.

सराव संपल्यावर दोघं भावंडं अंतर ठेवून चंपतच्या मागे निघाली. रोज तो मैदानाची पडकी भिंत उडी मारून ओलांडायचा. आज तो लांबच्या फाटकाने गेला. वाटेतल्या विहिरीच्या ओट्यावर टेकला, इकडेतिकडे पाहिलं आणि त्याने चड्डी वर सरकवली. गुडघ्यावर करकचून बांधलेली पट्टी सोडताना त्याचे डोळे भरून आले. गुडघा सुजून टम्म झाला होता.

नीला धावतच पुढे गेली. चंपत आधी चिडला, पण शेवटी त्याने सगळं सांगितलं. सक्करदऱ्याच्या संघाशी झालेल्या सामन्यात तो पडला होता. भैयाजींनी तेल चोळून पट्टी बांधली आणि रविवारपर्यंत घरी काही बोलू नको म्हणून बजावलं.

"अन् तूही ऐकलंस?" यशवंतने विचारलं.

"मी गोल मारतो म्हणून मले बोलावते," चंपत खाली बघत म्हणाला. "बसून राहिलो तर मले कोण विचारंल गा?"

आपलं नाव कोणालाही सांगायचं नाही, अशी शपथ घातल्याशिवाय त्याने दोघांना सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी बहीणभाऊ मंडळाचे चिटणीस मनोहरराव यांच्याकडे गेले. मनोहरराव वाईट माणूस नव्हते. भर पावसातही ते मुलांचे सामने बघायला उभे राहत. पण पाच वर्षं विजेत्यांची ढाल हातातून निसटली होती आणि यंदा त्यांना ढालीपलीकडे काही दिसत नव्हतं. एखाद्या खेळाडूचा पाय दुखत असेल तर काय करायचं, असं यशवंतने नाव न घेता विचारलं. मनोहररावांनी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. रविवारपर्यंत कोणाचं काही दुखत नसतं, सोमवारपासून हवी तेवढी विश्रांती घ्या, असं म्हणून ते मांडववाल्याशी बोलायला गेले.

परत येताना नीला वाटेत एकदम थांबली. सामन्याचे पाहुणे होते डॉक्टर देवराव. ते खेळाआधी प्रत्येक मुलाशी हात मिळवणार होते. चंपतचं नाव सांगायचं नव्हतं हे खरं, पण डॉक्टरांना सगळेच गुडघे दाखवायला कोणी मना केलं होतं?

शनिवारी दुपारी तिने आईकडून, म्हणजे कुसुमताईंकडून, एक जुनं धोतर मागून घेतलं आणि त्याच्या पट्ट्या फाडल्या. यशवंतने घरोघर जाऊन मुलांना गाठलं. कोणासाठी हे त्याने सांगितलं नाही आणि कोणी फारसं विचारलंही नाही. भैयाजींच्या पट्टीखाली कधी ना कधी सगळ्यांचेच पाय गेले होते.

रविवारी मैदानाभोवती तोबा गर्दी जमली. समोर कामठीचा तगडा संघ उभा होता. शिट्टी झाली आणि शुक्रवारी मंडळाची अकरा मुलं ओळीने बाहेर आली. अकराही जणांच्या उजव्या गुडघ्यावर पांढरी पट्टी होती आणि अकराही जण लंगडत होते. लोक हसू लागले. मनोहररावांचा चेहरा मात्र उतरला. ओळीत पाचवा उभा असलेला चंपत गोंधळून यशवंतकडे बघत होता. सगळ्यांनीच बांधायची आहे, एवढं सांगून यशवंतने त्याच्या चड्डीवरून पट्टी बांधली होती.

डॉक्टरांनी यशवंतचा हात हातात घेतला आणि हा काय प्रकार आहे म्हणून विचारलं.

"आमच्या मंडळात गुडघा दुखला की असंच बांधून खेळवतात, डॉक्टरसाहेब," यशवंत म्हणाला. "तुम्ही सगळ्यांचे पाय बघा. एकही सोडू नका."

डॉक्टर गवतावरच बसले. पहिले चार गुडघे ठणठणीत निघाले. पाचव्या पट्टीखाली चड्डी, चड्डीखाली दुसरी पट्टी आणि तिच्याखाली काळानिळा गुडघा. डॉक्टरांचं बोट लागताच चंपत कळवळला. हसणारे लोक माना उंच करून बघू लागले. आज हा पोरगा खेळला असता तर कदाचित जन्मभर लंगडला असता, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मनोहररावांकडे मान वर करून पाहिलं.

"मनोहरराव, हे मंडळ तुम्ही ढालीसाठी काढलं की पोरांसाठी?"

मनोहररावांच्या आधी पुढे आले ते भैयाजी. ते स्वतः एका पायाने किंचित लंगडत, हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्याचं कारण मात्र आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"माह्या पायाले बी असंच बांधून खेळवलं होतं," ते म्हणाले. "चौदा वर्षांचा होतो. मले वाटलं, खेळात असंच असते." त्यांनी चंपतला उचललं आणि पाहुण्यांशेजारच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

चंपतच्या जागी वर्षभर राखीव बसलेला ताराचंद खेळला. शुक्रवारी मंडळाचा संघ दोन विरुद्ध एक असा हरला. पण तो एक गोल ताराचंदचा होता, आणि खुर्चीत उभं राहू पाहणाऱ्या चंपतला डॉक्टरांना दोनदा खाली बसवावं लागलं.

बक्षीस समारंभात डॉक्टर देवराव ढालीबद्दल फार बोलले नाहीत. यशवंतकडून सगळी हकीकत कळली होती, म्हणून त्यांनी नीलाला पुढे बोलावलं. जे मोठ्यांना दिसायला हवं होतं ते या मुलीला दिसलं, आणि दिलेला शब्द न मोडता तिने एका मुलाचा पाय वाचवला, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या मनोहररावांनी. संध्याकाळी ते एकटेच इतवारीत गेले आणि चंपतच्या आईवडिलांची त्यांनी माफी मागितली.

पुढच्या सरावाला भैयाजींनी लगेच चेंडू बाहेर काढला नाही. मुलांना गोल बसवलं आणि कोणाला कुठे काही दुखत असेल तर आधी सांगा, म्हणाले. मुलांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग एकाने टाच पुढे केली, दुसऱ्याने खांदा. तिसऱ्याला सकाळपासून पोटात कळ येत होती. एकाची दाढ दुखत होती. भैयाजी प्रत्येकाजवळ उकिडवे बसून नीट ऐकून घेत होते. सराव त्या दिवशी तासभर उशिरा सुरू झाला.