पिवळ्या विमानाच्या नाकातली बुचं

“मॅरेन! ए मॅरेन! विमानाच्या नाकातली बुचं गेली!”

ऑगी धापा टाकत आला. त्याच्या हातात तळलेल्या चीजची पुडी होती आणि एवढ्या घाईतही त्याने एक तुकडा सांडला नव्हता.

“गेली म्हणजे? उडून?” टेंगने विचारलं.

“चोरीला गेली, शहाण्या! मिस डॉटींच्या पिवळ्या विमानाची! दोन्ही!”

डोक्यावर एक लाल विमान धूर सोडत कोलांट्या मारत होतं. टॅमरॅकच्या विमानमेळ्याला आलेल्या झाडून सगळ्यांच्या माना वर होत्या. खाली बघत होता तो एकटा ऑगी, तोसुद्धा पडलेला खाऊ शोधायची सवय म्हणून!

मॅरेन ताडकन उठली. तिने आपलं मेळ्याच्या मदतनिसाचं नारिंगी जाकीट नीट केलं. “शक्यच नाही. सकाळच्या फेऱ्या संपल्यावर मी स्वतः लावली होती!” मिस डॉटी मेळ्यात मुलांना त्या विमानातून आकाशात फेरी मारून आणायच्या.

विमानाच्या नाकाला दोन नाकपुड्या असतात. उडताना त्यांतून वारा आत शिरतो आणि इंजिन गार ठेवतो. विमान उभं असलं की त्यांत स्पंजाची लाल बुचं बसवायची, नाहीतर पाखरं आत घर करतात. हे मॅरेनला आजोबांनी शिकवलं होतं. आणखीही एक शिकवलं होतं : विमानाजवळ गेलीस की आधी त्याला प्रदक्षिणा. हात लावून, डोळे उघडे ठेवून. सकाळी घातली असली तरी उडण्याआधी पुन्हा! आजोबा गेल्या वर्षी गेले. मॅरेनने हा नेम मात्र एकदाही मोडला नव्हता.

तिघं विमानांच्या रांगेकडे धावली. गवतावर ओळीने विमानं उभी होती. पंखांखाली तंबू होते, दोऱ्यांवर टॉवेल वाळत होते. आणि एकाही विमानाच्या नाकात बूच नव्हतं!

“अख्खी रांग!” टेंगचे डोळे विस्फारले. “चोराला एवढी बुचं कशाला? उशा शिवायला?”

“हे बघा,” मॅरेन खाली वाकली. गवतावर चाकांचे ठसे होते. बारीक, जवळजवळ. प्रत्येक नाकासमोर थांबत थांबत ते पुढे गेले होते. “ही विमानाची चाकं नाहीत. ही तर छोटी गाडी!”

“आणि अशी गाडी मेळ्यात एकाकडेच आहे,” टेंग म्हणाला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ऑगीने चीजचा तुकडा गिळला. “मी नाही येत. ते ओरडतात. शिवाय फेऱ्या सुरू झाल्या की पहिला नंबर माझा आहे. मी मिस डॉटींकडे थांबतो!”

ते म्हणजे मिस्टर क्लेटन लिंडेमान, मेळ्याचे प्रमुख. मेळ्याच्या कमाईवर टॅमरॅकच्या मुलांची विमानशाळा चालायची आणि दरवर्षी एका मुलाला विमान चालवायचे धडे फुकट मिळायचे. यंदा ते मॅरेनला मिळणार होते. संध्याकाळी नाव जाहीर व्हायचं होतं. पण काल एक घोळ झाला होता. एका पाहुण्याच्या विमानामागे मॅरेनला धूर दिसला आणि तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. फुली म्हणजे थांबा! मैदानावरच्या कुणीही केली तरी वैमानिकाने इंजिन बंद करायचं, कारण नंतर विचारायचं. धूर निघाला पॅनकेकच्या तव्याचा! मिस्टर लिंडेमान सगळ्यांदेखत कडाडले होते, “पुन्हा असा खेळ केलास तर जाकीटही जाईल आणि नावही!”

ते व्यासपीठामागे ध्वनिक्षेपकाची तार सोडवत होते. शेजारी त्यांची गाडी उभी होती आणि मागच्या खोक्यातून बुचांच्या लाल फिती लोंबत होत्या.

“मिस्टर लिंडेमान, ती बुचं तुम्ही काढलीत?”

“हो, मीच! देणगीदारांसाठी फोटो काढायचा होता. त्या लाल चिंध्यांमुळे विमानं कशी दिसतात, माहीत आहे? धुणं वाळत घातल्यासारखी!”

“मग फोटो झाल्यावर परत का नाही लावलीत?”

“लावीन की! हजार कामं आहेत मला.”

“पण पाखरं आत जातात! आम्ही लावतो, द्या ना!”

“पाखरं!” ते हसले. “एवढ्या वेळात काय बंगला बांधणार आहेत? आणि त्या फिती पुन्हा लावाल, तर संध्याकाळच्या फोटोतही धुणंच! खोक्याला हात लावायचा नाही. पाहुण्यांकडे बघून हसा, हात हलवा. तेवढंच काम आहे तुमचं!”

टेंग परतताना चिडून दगड उडवत होता. “हसा म्हणे! माकडं आहोत का आपण?”

“चल, एकेका नाकात डोकावून बघू. बघायला तर कुणी मना केलेलं नाही!”

एव्हाना कसरती संपल्या होत्या. दोघं रांगेपाशी पोचली तेव्हा पिवळ्या विमानाची जागा रिकामी होती. मुलांच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या!

आणि त्या रिकाम्या जागेवर एक स्टार्लिंग घिरट्या घालत होती. काळी, ठिपक्यांची, साळुंकीच्या नात्यातली. ती खाली उतरली, इकडेतिकडे बावरून पाहिलं, पुन्हा उडाली. तिच्या चोचीत वाळलेल्या गवताची काडी होती.

मॅरेनने तिकडे बोट दाखवलं. “टेंग... ती घर शोधतेय!”

“म्हणजे ते घर...”

“विमानात आहे! इंजिनावर! आणि विमानात ऑगी आहे!”

मॅरेन सुसाट पळाली. पिवळं विमान गवतावरून डुलत धावपट्टीकडे निघालं होतं. मिस डॉटींनी सकाळी प्रदक्षिणा घातली होती, मॅरेनने पाहिली होती. पण दुपारची? रांग मोठी, मुलं उतावीळ. राहिली असणार!

विमानाच्या वळणापुढे, पंख्यापासून चांगलं लांब, जिथे वैमानिकाला सरळ दिसेल तिथे ती उभी राहिली. क्षणभर तिचे हात जड झाले. पुन्हा तव्याचाच धूर निघाला तर? नाव जाईल. धडे जातील. विमान चालवायचं स्वप्न जाईल.

मॅरेनने हात वर नेले आणि फुली केली.

“मॅरेन हॉल्वर्सन!” ध्वनिक्षेपक गरजला. “हात खाली! ताबडतोब!”

हजार माना तिच्याकडे वळल्या. कुणीतरी हसलं. मिस्टर लिंडेमान गाडी पिटाळत येत होते. मॅरेनने हात खाली घेतले नाहीत. उलट आणखी ताठ केले!

पंखा मंदावला. थांबला.

“अगं, परत?” विमानाच्या खिडकीतून ऑगी किंचाळला. “माझा नंबर होता!”

“गप बस आणि उतर!”

मिस्टर लिंडेमान गाडीतून उडी मारूनच उतरले. “बस्स! काढ ते जाकीट!”

मॅरेनने जाकीट काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. तिचा आवाज हळू होता, पण कापत नव्हता. “घ्या. पण नाक उघडून बघितल्याशिवाय हे विमान उडणार नाही. मी इथून हलणार नाही.”

“मीसुद्धा!” टेंग तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. “माझंही जाकीट हवं? घामाने ओलं आहे, सांगून ठेवतो!”

“क्लेटन, जरा थांबा,” विमानातून उतरत मिस डॉटी म्हणाल्या. पांढऱ्या केसांची वेणी, हातात विजेरी. “मुलीने फुली केली, मी थांबले. आता बघायचं काम माझं.”

त्यांनी नाकपुडीत उजेड टाकला, आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी झटपट विमानाच्या नाकावरचं झाकण उघडलं. आत गच्च गवत होतं! काड्या, पिसं, कुणाच्या तरी रुमालाची चिंधी, अगदी इंजिनाला चिकटून. आणि एका कोपऱ्यातून धुराची बारीक रेघ निघत होती.

“हा... हा पॅनकेकचा नाही,” ऑगी पुटपुटला. त्याच्या हातून चीजची पुडी खाली पडली.

टेंगने आग विझवायचं लाल नळकांडं धावत आणलं. गरज पडली नाही. मिस डॉटींनी गवत उपसून बुटाखाली चिरडलं. मग त्या मॅरेनकडे वळल्या. “वर गेल्यावर हे पेटलं असतं, पोरी. चूक माझीही आहे. सकाळी बघितलं होतं म्हणून दुपारी बघितलं नाही.”

“नेम मोडला तुमचा,” मॅरेन म्हणाली, आणि मग लाजून जीभ चावली.

“मोडला खरा. पुन्हा नाही मोडणार.”

मिस्टर लिंडेमान हातातल्या जाकिटाकडे बघत राहिले. गाडीच्या खोक्यातली एक लाल फीत वाऱ्यावर त्यांच्याच कोपराला लागत होती.

“बाकीची विमानं?” त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“तीही बघायची आहेत,” मॅरेन म्हणाली. “बुचं तुम्हीच लावा. पण आधी प्रत्येक विमानाला प्रदक्षिणा. चालत! गाडीतून नाही!”

आणि ते खरोखर चालले! उन्हात, घाम पुसत, एकेका नाकात डोकावत. आणखी दोन विमानांत घरटी निघाली.

संध्याकाळी व्यासपीठावर मॅरेनच्या अंगात पुन्हा नारिंगी जाकीट होतं. “यंदाचे धडे मॅरेन हॉल्वर्सनला!” मिस्टर लिंडेमाननी जाहीर केलं तेव्हा टाळ्या थांबेचनात. मिस डॉटी म्हणाल्या, “हिचे आजोबा आज असते, तर त्यांनीही हेच केलं असतं. पहिला धडा मी देणार! खरं म्हणजे आज तिनेच मला दिला.”

मग मिस्टर लिंडेमाननी ध्वनिक्षेपक घेतला. “आज एका मुलीने माझे डोळे उघडले. मित्रहो, सावधपणा म्हणजे काय? मी जेव्हा लहान होतो...” ते बोलत राहिले. बोलतच राहिले. भाजलेल्या सॉसेजचा वास मैदानभर पसरला होता.

पहिल्या रांगेत ऑगी उठून उभा राहिला. त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि भली मोठी फुली केली!

मिस्टर लिंडेमान अर्ध्या वाक्यात थबकले. मैदान श्वास रोखून बघत होतं.

“फुली म्हणजे फुली,” ते म्हणाले आणि त्यांनी ध्वनिक्षेपकाचं बटण बंद केलं.