वीस बरोबरच्या खुणा

वीस शिक्षक एकाच वेळी चुकू शकतात का? सुरंगीला विचाराल तर हो, आणि तेही नेमके अंतिम सामन्याच्या दिवशी!

गोष्ट २०५१ सालची, कोकणातल्या आंबेशेतची. सहावीतली सुरंगी शाळेच्या खो-खो संघाची कप्तान. सामना दुपारी, खाडीपलीकडच्या गावात. आणि सकाळीच व्हिडिओ फिरला, की खाडीवरचा पूल खचलाय. हेडमास्तर म्हणाले, "अकरापर्यंत खात्री झाली नाही, तर बस सुटणार नाही." म्हणजे न खेळताच हार. 

ती धावत प्रांजलआत्याकडे गेली. आत्या माध्यम-साक्षरता (बातमी, फोटो, व्हिडिओ पारखून घ्यायची विद्या) शिकवायची. हा विषय शिकवणारे गावोगाव एकेकटेच. अडलं तर विचारायचं कुणाला? म्हणून आत्याने दोन महिने खपून त्यांचं ऑनलाइन जाळं उभारलं होतं. खारू नावाचा यंत्रमानव ते सांभाळायचा. मूर्ती खारीएवढी, पण बोलणं हेडमास्तरांच्या वर.

खारूने व्हिडिओ जाळ्यावर टाकला. बघता बघता शिक्षकांच्या बरोबरच्या खुणा येऊ लागल्या.

"वीस जण म्हणतात, बातमी खरी आहे," खारू म्हणाला. आत्याचा चेहरा पडला.

"त्या सगळ्यांनी पूल पाहिला?" सुरंगीने विचारलं.

 खारूने हवेत जाळ्याचा नकाशा उभा केला. प्रत्येक शिक्षक म्हणजे उजेडाचा एक ठिपका, आणि कुणाचं बघून कुणी खूण केली ते दाखवणारा धागा. विसाव्याचा धागा एकोणिसाव्याकडे, त्याचा अठराव्याकडे, असं करत सगळे पोचले पहिली खूण करणाऱ्या घरत सरांपाशी. सरांना फोन लावला, तर ते म्हणाले, "अहो, मला मेव्हण्याने पाठवला. तो नागपूरला असतो."

"आत्या, ही तर कॉपी झाली! एकाच पेपरवरून सगळ्यांनी उतरवलंय."

आत्याने कपाळावर हात मारला. पोरांच्या कॉप्या पकडण्यात हयात गेलेली माणसं, आणि करून बसली काय! तिला हसू आवरेना.

"खरंय गं. सगळ्यांनी एकाचंच उतरवलं, तर ते उत्तर एकच. वीस खुणा असल्या तरी स्रोत (बातमी जिथून निघाली ते मूळ) एक. आपल्याला स्वतंत्र स्रोत हवा, म्हणजे दुसऱ्याचं न बघता स्वतः पूल पाहिलेला माणूस."

"पुलाजवळ आपलं कोण आहे?"

नकाशावर पुलापाशी एकही ठिपका नव्हता. आत्या ओशाळली. पुलाच्या तोंडाशी छोटीशी उर्दू शाळा होती. तिथल्या तमन्ना मुकादम मॅडम हाच विषय शिकवायच्या. पण आधी मोठ्या शाळा जोडू म्हणता म्हणता त्या राहूनच गेल्या होत्या.

पावणेअकराला फोन लागला. मॅडम हातातला खडू तसाच घेऊन निघाल्या आणि चालता चालता त्यांनी कॅमेरा सुरू केला. पूल ठणठणीत! पिवळे कठडे, आणि मधोमध एक म्हैस निवांत रवंथ करत बसलेली.

"व्हिडिओतल्या पुलाला कठडेच नाहीत," मॅडम म्हणाल्या. "तो पूल कुठला, अल्ला जाणे. आमचा नव्हे."

"वीस विरुद्ध एक," खारू पुटपुटला.

"पण त्या एकीने पाहिलंय," सुरंगी म्हणाली आणि हेडमास्तरांकडे पळाली.

बस पुलावरून गेली तेव्हा मॅडम आणि त्यांची मुलं हात हलवत उभी होती. म्हैस काही हलली नाही. ड्रायव्हरने बस कडेने काढली. इकडे आत्याने जाळ्याला नवा नियम घातला. प्रत्येक खुणेसोबत लिहायचं, 'पाहिलं' की 'ऐकलं'. पहिली सही घरत सरांची. संध्याकाळपर्यंत नऊ छोट्या शाळांनी आम्हालाही जोडा म्हणून कळवलं. पुलापाशी तर एकविसावा ठिपका केव्हाच उजळला होता.

सुरंगी घरी आली तेव्हा आत्या जाळ्यावर लिहीत होती, 'आंबेशेत जिंकलं!'

खारूने लगेच विचारलं, "पाहिलं की ऐकलं?"

"ऐकलं," आत्या मुकाट्याने म्हणाली.

दारातून धुळीने माखलेली सुरंगी म्हणाली, "मी खेळले."